एक जूनचा रकाना

सकाळी बरोबर सहाला फोन वाजला आणि पलीकडून कोणी 'हॅलो' न म्हणता थेट "आज तू तेवीस पूर्ण. पुरावा रजिस्टरमध्ये आहे," असं म्हणालं, तर ते आमचे काशिनाथ गुरुजी असतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा देणं त्यांना पटत नाही. "शुभेच्छांचं पुढे काय होतं ते कोणी बघितलंय? माहिती मात्र राहते," असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते माहिती देतात आणि माहिती घेतात. प्रश्न तीन आणि ठरलेले. जेवतेस काय? वाचतेस काय? पत्ता बदलला का? उत्तरं दिली की पलीकडे बॉलपेनचं बटण दोनदा टकटक वाजतं आणि फोन बंद होतो.

असा फोन मला एकटीलाच येतो असं नाही. गुरुजींनी तलासरी तालुक्यातल्या पाड्यांवर चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. त्या चौतीस वर्षांतल्या बहुतेक सगळ्या पोरांना तो येतो. कोणी पोलिसात आहे, कोणी वापीच्या कंपनीत, कोणी चिकूच्या वाडीत मजुरीला. सहाच्या पाळीला निघालेले लोक एका पायात चप्पल घालून "भात-डाळ, गुरुजी. वाचत काय नाय, गुरुजी," असं सांगत उभे असतात.

गुरुजींची दोन वाक्यं आमच्या पाड्यावर सगळ्यांना पाठ आहेत. पहिलं, "पुरावा काय?" आणि दुसरं, "रकाना रिकामा सोडायचा नाही." या दोन वाक्यांवर त्यांनी संपूर्ण नोकरी काढली.

एकदा आमच्या वर्गातला एक मुलगा दोन दिवस आला नाही. आजी वारली म्हणून, असा निरोप होता. गुरुजी शाळा सुटल्यावर भेटायला गेले. आजी अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत बसलेली. गुरुजींनी तिला नमस्कार केला, गुडघ्याचं कसं आहे ते विचारलं, तिने दिलेला चहा घेतला आणि दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर त्या पोराच्या नावापुढे लिहिलं, 'आजी सुखरूप.'

शाळेत पोषण आहाराची वही असते. तिच्यात चवीचा रकाना असतो. सगळ्या शाळा तिथे 'चांगली' लिहून मोकळ्या होतात. गुरुजी रोज जेवून मग लिहायचे. 'आज डाळीतून ताटाचा तळ दिसला.' 'आज मीठ दोघांनी टाकले असावे.' तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा विचारलं, "गुरुजी, एवढं कशाला लिहिता?" गुरुजी म्हणाले, "रकाना तुम्हीच आखून पाठवलाय."

आता जन्मतारखेबद्दल सांगते, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

माझ्या वयाच्या कितीतरी पोरांना आमच्याकडे जन्मतारीख शाळेत मिळाली. घरी बाळंतपण व्हायचं, नोंद करायला कोणी जायचं नाही, आणि पोर सहाएक वर्षांचं दिसू लागलं की शाळेत बसवायचे. मास्तर विचारायचे, कधीचा? आईबाप एकमेकांकडे बघायचे. मास्तर मग सरळ एक जून लिहायचे. शाळा जूनमध्ये उघडते, वय बरोबर बसतं. त्यामुळे आमच्या भागात अर्धी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत.

गुरुजींना हे अजिबात खपायचं नाही. "एका पाड्यावर एकाच दिवशी अकरा पोरं झाली, तर सुईण एकटी कुठे कुठे धावली?" असं ते दुसऱ्या मास्तरांना विचारायचे. स्वतः मात्र ते घरी येऊन, ओटीवर मांडी घालून, आईची मुलाखत घ्यायचे. माझ्या वेळची मुलाखत आई अजून सांगते.

"शेतात काय होतं?"

"काय नाय. भात झोडून झालं होतं."

"वालाला फुलं?"

"होती."

"मोह?"

"मोह कुठला एवढ्यात! शेकोटीशिवाय झोप येत नव्हती."

"आणि विजेचा खांब?"

यावर आई गोंधळली. मग तिला आठवलं की त्या वर्षी पाड्यावर खांब आला होता. तार पुढच्या वर्षी आली. गुरुजींनी खांब आणि तार यांच्यामधलं वर्ष धरलं, वालाच्या फुलांवरून महिना काढला आणि रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे लिहिलं, सतरा जानेवारी.

ही तारीख मला खूप आवडायची. वर्गातल्या कोणाचीच सारखी नव्हती. आणि सतरा जानेवारीला संध्याकाळी गुरुजी आमच्या ओटीवर येऊन कोरा चहा पिऊन जायचे. तेव्हा पाड्यावर फोन नव्हते. आम्हाला वाटायचं, सगळेच मास्तर असं करत असतील.

मी डहाणूला राहून बीएस्सी केलं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. पुढे जर्मनीतल्या एका विद्यापीठात मातीच्या अभ्यासासाठी प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीसकट. ही बातमी मी सांगायच्या आधीच गुरुजींना कळली होती. ते निवृत्त होऊन आपल्या गावी, रानशेतला, एकटे राहतात. तिथून ते दोन जीप बदलून आमच्या घरी आले, हातात आखलेली वही घेऊन, आणि त्यांनी मला दोन तास प्रश्न विचारले.

"तिथली माती कुठल्या रंगाची?"

"बघितली नाही अजून, गुरुजी."

"बघितल्यावर लिही. तिथे मोह नाही, वाल नाही. मग लोक महिना कशावरून ओळखतात?"

"कॅलेंडर असतं ना."

"कॅलेंडर भिंतीवर असतं, पोरी. बाहेर काय असतं ते विचारतोय."

मग त्यांना कळलं की तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेचार तास. "घड्याळ सरकवतात? अख्खा देश?" ते एवढे चकित झाले की चहा गार झाला. थोड्या वेळाने त्यांची खरी काळजी बाहेर आली. "मग सतरा जानेवारीला फोन माझ्या सहाला करायचा की तुझ्या सहाला?" यावर त्यांनी वहीत दोन रकाने केले आणि दोन्ही भरले.

अडचण आली ती जन्माच्या दाखल्याची. पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावर झाला होता. पण माझ्या व्हिसाच्या कागदांत जन्माचा दाखलाही मागितला होता आणि माझ्या जन्माची नोंदच कुठे नव्हती. एवढ्या वर्षांनी नोंद करायची तर तालुक्याच्या साहेबांचा आदेश लागतो. व्हिसाची मुलाखत वीस दिवसांवर होती. ती चुकली तर पुढची तारीख सत्र सुरू झाल्यावरची, म्हणजे शिष्यवृत्ती गेली.

साहेब घाटावरचे, तरुण, वागायला चांगले होते. त्यांनी माझे कागद दोनदा वाचले.

"मॅडम, घरी बाळंतपण. नोंद नाही, दवाखान्याचा कागद नाही. असे अर्ज माझ्याकडे रोज येतात आणि सगळ्यांची तारीख एक जून असते. तुमची सतरा जानेवारी. ही कुठून आली?"

मी आईकडे बघितलं. साहेबांनीही बघितलं. "ताई, तुम्ही सांगा. मुलीचा जन्म कधीचा?"

"गुरुजींनी लिहिली तीच तारीख," आई म्हणाली.

"आणि गुरुजींनी लिहायच्या आधी?"

"त्याच्या आधी तारीख नव्हती, साहेब. पोर होती."

साहेब हसले, पण सही केली नाही. तारीख मागाहून बदललेली नाही, हे त्यांना बघायचं होतं. शाळेचं मूळ रजिस्टर आणा, म्हणाले, आणि नोंद करणारे गुरुजी हयात असतील तर त्यांनाही आणा.

मी बाहेर येऊन गुरुजींना फोन लावला. तेव्हा लक्षात आलं की इतक्या वर्षांत मी त्यांना आपणहून कधी फोन केलाच नव्हता. नेहमी तेच करायचे.

"आज माझ्या वहीत तुझं नाव नाही," ते म्हणाले. आवाजात काळजी होती. "काय झालं? पत्ता बदलला?"

दोन दिवसांनी ते आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, पिशवीत फूटपट्टी. फूटपट्टी कशाला, ते मी विचारलं नाही. शाळेच्या मुख्याध्यापक बाई रजिस्टर कापडात बांधून घेऊन आल्या होत्या. साहेबांनी ते उघडलं, माझी नोंद काढली, कागद उजेडाकडे धरून बघितला. खाडाखोड नव्हती. मग त्यांची नजर शेवटच्या रकान्यावर गेली. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक शाळा काही लिहीत नाहीत. साहेब मोठ्याने वाचू लागले.

"'आईच्या सांगण्यावरून. विजेचा खांब उभा, तार नाही. भात झोडून झालेले. वालाला फुले. मोह अद्याप नाही. रात्री शेकोटी.'"

ते थांबले. मग त्यांनी वरची नोंद वाचली. "'बाप करवंदे विकायला गेला होता, परत आला तेव्हा मूल झालेले.'" मग खालची. "'शेजाऱ्याच्या म्हशीने त्याच दिवशी कुडाची भिंत पाडली. म्हैस शेजाऱ्यास मान्य.'"

शिपाई दारातून आत डोकावला. साहेब पानामागून पान उलटत होते.

"गुरुजी, असं रजिस्टर मी आजवर बघितलं नाही."

"रकाना होता, साहेब."

"ते ठीक. पण यावरून जानेवारी कळतो. सतरा कशी कळली?"

गुरुजींनी 'आईने सांगितली' एवढं म्हटलं असतं तर काम झालं होतं. आई तर मान हलवायला तयारच बसली होती. मी गुरुजींकडे बघत होते आणि मला ते दोन शब्द इतके हवे होते की माझेच ओठ हलले असतील.

गुरुजी उभे राहिले. वर्गात उभे राहायचे तसेच.

"सतरा मी घातली, साहेब. महिना तिच्या आईचा आहे, त्याला पुरावा आहे. तारीख माझी. तिला पुरावा नाही."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

"आणि सतराच का?"

"ते सांगितलं तर तुम्ही हसाल. आणि ते सरकारी कामाचं नाही."

साहेबांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "माझी एक जून आहे. आई सांगते, मी झालो तेव्हा उसाची तोड चालू होती आणि हुडहुडी भरायची. म्हणजे माझा तर महिनाही खरा नाही, आणि मी इथे बसून लोकांच्या तारखा तपासतोय." त्यांनी टोपण काढलं. "शाळेची पहिली नोंद पुरावा म्हणून चालते. ती मागाहून फिरवलेली नाही एवढंच मला बघायचं होतं. आणि तारीख माझी म्हणून सांगणारा माणूस बाकीचं खोटं लिहील असं मला वाटत नाही."

सही झाली. आईने डोळ्यांना पदर लावला. मी गुरुजींच्या पाया पडायला वाकले, पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते टेबलावर पुढे झुकले होते.

"साहेब, तोड नुकती सुरू झाली होती की संपत आलेली?"

"म्हणजे?"

"हरभरा घाटे धरलेला का? तुमच्या आईंना फोन लागेल?"

फोन लागला. बाहेर अर्जदारांची रांग, दारात शिपाई, आणि आत गुरुजी साहेबांच्या आईशी हरभऱ्यावर बोलत होते. दहा मिनिटांनी त्यांनी पिशवीतून एक जाडजूड जुनी वही काढली, एका पानावर फूटपट्टी ठेवली आणि ती हळूहळू खाली सरकवत पुटपुटले, "दहा… अकरा… बारा. बारा डिसेंबर, साहेब. फोन नंबर सांगा."

साहेबांनी मुकाट्याने नंबर सांगितला.

आई तिथूनच घरी गेली. गुरुजींना रानशेतची जीप चारोटीहून मिळते, म्हणून मी त्यांना सोडायला चारोटीपर्यंत गेले. हायवेच्या कडेच्या हॉटेलात आम्ही भजी आणि चहा घेतला. समोरून अहमदाबादचे ट्रक जात होते आणि गुरुजी त्यांच्या नंबर प्लेटवरून राज्यं ओळखत होते.

"गुरुजी, मी हसणार नाही. सतरा का?"

त्यांनी भजी संपवली, हात पुसले आणि ती जाड वही माझ्यापुढे उघडली. वर्षाचे सगळे दिवस आखलेले होते. प्रत्येक दिवसापुढे नाव, गाव, फोन नंबर, शेरा. काही शाईनं, काही बॉलपेननं. सोळा जानेवारीपुढे सुरेश. अठरापुढे लाडकी. मधे मी, वनिता.

"सतरा रिकामी होती," ते म्हणाले.

मी हसले नाही.

"आमची ही गेली तेव्हा नोकरीला दोनच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. शाळा सुटली की दुसऱ्या दिवशी शाळा भरेपर्यंत कोणाशी बोलणं नाही. मग रजिस्टर लिहिताना वाटलं, महिना काय तो पुराव्याने घालायचा, पण तारीख आपल्या हातात आहे. सगळ्यांची एकच तारीख घातली, तर एका संध्याकाळी सगळ्यांचा चहा पिऊन होईल. बाकीच्या दिवशी कोणाच्या ओटीवर जायचं?"

मी पानं उलटत राहिले. मार्च, एप्रिल, मे. सगळे रकाने भरलेले, कुठे कुठे एका दिवशी दोन नावं. एकोणतीस फेब्रुवारी तेवढी कोरी होती.

"चार वर्षांतून एकदा बोलून कसं भागेल?" गुरुजी म्हणाले.

आणि एक जून कोरी होती.

"ही तर घालायचीच नाही, असं ठरवलेलं," ते म्हणाले. "त्या दिवशी कोणाला फोन नसतो. मी वहीला नवं कव्हर घालतो."

"गुरुजी, तुमची जन्मतारीख कोणती?"

त्यांनी रस्त्याकडे बघितलं. "गुजरात पासिंग," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "एक जून. आमच्या गुरुजींना घाई होती."

"तुमची आई काय सांगायची?"

"कशाबद्दल?"

"शेतात काय होतं? रानात काय होतं?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू हा प्रश्न त्यांनी आयुष्यात कधी ऐकलाच नव्हता. स्वतःला तर त्यांनी तो नक्कीच कधी विचारला नव्हता.

"आई सांगायची," ते हळूच म्हणाले, "सकाळी तिने रानातून शेवळं आणली होती. भाजीसाठी सोलायला बसली. शेवळांनी हाताला खाज सुटली, आणि तेवढ्यात कळा सुरू झाल्या. म्हणायची, तुझ्या पायी त्या दिवशीची भाजी राहिली."

"काकडं होती? खाज जायला भाजीत घालतात ती आंबट फळं?"

"होती. ओंजळभर."

"शेवळं वर्षातली पहिली, की नंतरची?"

"पहिलीच. घरात दुसरं काही नव्हतं म्हणून मुद्दाम शोधून आणलेली."

शेवळांचे कोंब कधी निघतात हे आमच्याकडच्या माणसाला विचारावं लागत नाही. मे सरता सरता, जून लागता लागता. पुढे फार दिवस राहतही नाहीत.

"गुरुजी," मी म्हटलं, "पुरावा पक्का आहे."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. पुन्हा मोजलं. "म्हणजे त्यांनी घाईत लिहिली," ते म्हणाले, "आणि माझी बरोबर निघाली?"

"अख्ख्या जिल्ह्यात एकट्या तुमची."

मी त्यांच्या खिशातलं पेन काढून घेतलं. कोणत्याही दुसऱ्या दिवशी माझी ही हिंमत झाली नसती. एक जूनच्या कोऱ्या रकान्यात त्यांचं नाव लिहिलं. गाव, रानशेत. शेऱ्यात लिहिलं, 'आईच्या सांगण्यावरून. पहिली शेवळे, काकडे ओंजळभर. भाजी राहिली.'

गुरुजींनी चष्मा वर सरकवून ते तपासलं. मग फोन नंबरच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हा रिकामा राहिला."

"तिथे तुमचाच नंबर लिहू? तुम्ही तुम्हालाच फोन करणार?"

"मग कोण करणार?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

मी त्या रकान्यात लिहिलं, 'वनिता करेल. सकाळी सहा, गुरुजींचे सहा.'

"तेव्हा तुझ्याकडे अडीच वाजले असतील," ते म्हणाले. हिशोब तयारच होता. "झोपणार कधी?"

त्यांनी वही आपल्याकडे ओढून घेतली, माझ्या हातातलं पेन घेतलं, आणि काही न लिहिता त्याचं बटण दोनदा दाबलं.